नाणेसंग्राहकांचे मंडळ : छंद आणि साक्ष

भारतातील अनेक शहरांत महिन्यातून एखाद्या रविवारी, कोठे शाळेच्या वर्गात तर कोठे ग्रंथालयाच्या मागील खोलीत, एक लहानसा मेळावा भरतो. जमलेल्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेतील कारकून असतात, वकील, सराफ, दुकानदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. लांबट टेबलावर गडद रंगाचे कापड अंथरलेले असते. त्यावर भिंगे, एक नाजूक काटा, एक मोजपट्टी आणि पानापानांतून खुणा घातलेले दोन-तीन जाडजूड ग्रंथ ठेवलेले असतात. प्रत्येकजण आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली नाणी बाहेर काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार वेळ घालविण्याचे एक निरुपद्रवी साधन वाटण्याचा संभव आहे. परंतु भारताच्या इतिहासातील कित्येक राजांची नावे, राजवटींचा क्रम आणि लढायांचे परिणाम आज निश्चितपणे सांगता येतात, ते अशाच टेबलांभोवती बसलेल्या माणसांच्या चिकाटीमुळे.

नाणेसंग्राहकांना मंडळाची गरज का भासावी, हे समजण्यासाठी मोगल काळातील एखादा रुपया हातात घेऊन पाहिला तरी पुरे. त्या काळी नाणी यंत्रावर पाडली जात नसत. वजनाप्रमाणे तयार केलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवीत, वरचा ठसा तिच्यावर धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावर कोरलेला संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटत असे. एकावर बादशहाच्या नावाचा आरंभ येई, दुसऱ्यावर शेवट. एकावर टांकसाळीचे नाव वाचता येई, पण सन कडेबाहेर जाई. दुसऱ्यावर सन येई, पण टांकसाळ नाहीशी होई. ज्याच्याजवळ असे एकच नाणे असेल त्याच्यापाशी अर्धे वाक्यच असते. त्याच ठशाची पाच-सहा नाणी वेगवेगळ्या संग्रहांतून एका टेबलावर आली, म्हणजे लेख पूर्ण जुळविता येतो. मंडळाचे सारे प्रयोजन या साध्या गोष्टीत सामावलेले आहे. एकट्याचा संग्रह कितीही मोठा असला तरी तो अपुरा असतो.

मंडळांचा उगम

भारतात संग्राहक एकत्र येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. टपाल तिकिटांचा संग्रह करणाऱ्यांची फिलॅटेलिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झाली. नाण्यांचे अभ्यासक मात्र त्या वेळी विखुरलेले होते. त्यांच्या लेखांना बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०४ पासून नाणकशास्त्राच्या स्वतंत्र पुरवणीच्या रूपाने जागा मिळू लागली. पुढे २८ डिसेंबर १९१० रोजी अलाहाबाद येथे सहा संग्राहकांनी एकत्र येऊन न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

हे सहाजण कोण होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एच. नेल्सन राइट, रिचर्ड बर्न, एच. आर. नेव्हिल आणि आर. बी. व्हाइटहेड हे मुलकी सेवेतील अधिकारी होते. जी. पी. टेलर हे अहमदाबादेत राहणारे मिशनरी होते आणि गुजरातच्या सुलतानांच्या नाण्यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. सहावे फ्रामजी जामास्पजी ठाणावाला हे मुंबईचे पारशी संग्राहक होते. यांपैकी कोणाचाही चरितार्थ नाणकशास्त्रावर चालत नव्हता. दिवसभराचे काम आटोपल्यावर दिव्याच्या प्रकाशात भिंग घेऊन बसणारे हे लोक होते. तरीही कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील सुलतानी आणि मोगल नाण्यांची सूची राइट यांनी तयार केली आणि लाहोरच्या संग्रहालयातील नाण्यांची सूची व्हाइटहेड यांनी केली. या सूच्या अभ्यासक आजही चाळतात.

योगायोग असा, की त्याच १९१० साली पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्या मंडळाचा भर मुख्यतः कागदपत्रांवर होता. तथापि दोन्ही संस्थांची कार्यपद्धती एकाच जातीची होती. सभासदाने सापडलेली वस्तू सभेपुढे आणावी, तिच्यावर टिपण वाचावे, इतरांनी शंका काढाव्यात आणि जे टिकेल ते छापावे, अशी ती रीत होती.

न्यूमिस्मॅटिक सोसायटीने १९३९ पासून स्वतःचे नियतकालिक सुरू केले. तिचे कार्यालय पुढे वाराणसी येथे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात गेले. महाराष्ट्रात नाशिकजवळच्या अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिची स्थापना १९८० ची असून, तिच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. या मोठ्या संस्थांच्या छायेत, आणि पुष्कळदा त्यांच्याशी कोणताही औपचारिक संबंध नसताना, गावोगावची लहान मंडळे काम करीत आली आहेत.

सभेतील कामकाज

मंडळात नव्याने आलेल्या सभासदाला बहुधा एकच प्रश्न विचारावयाचा असतो : ‘याची किंमत किती?’ जुने सभासद त्याला प्रथम दुसऱ्याच गोष्टी विचारतात. नाणे कोठे मिळाले? त्याच्याबरोबर आणखी काय होते? त्याचे वजन किती? धातू कोणता?

वजनाला या शास्त्रात फार महत्त्व आहे. मोगल रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा असतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने जो रुपया सर्वत्र चालू केला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा होते. आजीबाईंच्या औषधांच्या कृतीत ‘रुपयाभार’ हे माप येते, त्याचे मूळ येथे आहे. एखादे नाणे ठरीव वजनापेक्षा बरेच हलके निघाले, तर ते अतिशय झिजलेले तरी असते, कातरलेले असते किंवा खोटे असते. धातूची परीक्षा विशिष्ट गुरुत्वावरूनही होते. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ असते आणि चांदीचे १०.५. नाणे प्रथम हवेत आणि मग पाण्यात लोंबते ठेवून तोलले, म्हणजे या दोन वजनांवरून ते काढता येते. त्यासाठी नाण्यावर ओरखडादेखील काढावा लागत नाही. सराफाची कसोटी जे काम दगडावर घासून करते, तेच काम येथे पाण्याचे भांडे करते.

त्यानंतर वाचनाला सुरुवात होते, आणि येथे अनुभवाची खरी कसोटी लागते. औरंगजेबाच्या नाण्यांवर एका बाजूला फार्सी पद्य असते. सोन्याच्या नाण्यावर त्या पद्यात सूर्याची उपमा येते, तर चांदीच्या नाण्यावर पूर्ण चंद्राची. दुसऱ्या बाजूला टांकसाळीचे नाव आणि बादशहाच्या कारकीर्दीचे वर्ष असते. कारकीर्दीचे पहिले वर्ष आकड्यात न देता ‘अहद’ या शब्दाने दाखवीत. त्यामुळे आकडा शोधणारा नवखा मनुष्य हटकून चकतो. हिजरी सनाचे इसवी सनात रूपांतर करण्यासाठी मंडळात एक सोपा हिशेब शिकवतात. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणावे आणि त्यात ६२२ मिळवावेत. हिजरी ११०० हे या रीतीने १६८९ येते, आणि प्रत्यक्षात ते वर्ष १६८८ च्या अखेरीपासून १६८९ च्या उत्तरार्धापर्यंत चालले होते.

नाण्यावरचे वर्ष खरेच असते, असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मुर्शिदाबादच्या नावाने जे रुपये पाडले, त्यांवर बादशहा शाहआलम याच्या कारकीर्दीचे एकोणिसावे वर्ष कित्येक दशके तसेच राहू दिले होते. जुन्या सनाचा रुपया झिजलेला समजून सराफ त्यावर बट्टा लावीत. वर्ष गोठविले म्हणजे बट्ट्याची कटकट मिटे. मराठ्यांच्या टांकसाळींतूनही मोगल बादशहाच्या नावाचे रुपये पडत असत. नुसता लेख वाचणारा असा रुपया दिल्लीपतीचा म्हणून बाजूला ठेवील. परंतु त्यावरची अंकुशाची लहानशी खूण ज्याला ओळखता येते, तो त्याला ‘अंकुशी रुपया’ म्हणून पेशव्यांच्या अमलाशी जोडतो. अशा खुणा अनेक वर्षे नाणी हाताळून आणि दुसऱ्याची नाणी पाहूनच ओळखीच्या होतात.

महाराष्ट्रातील मंडळांना शिवराईचे उदाहरण विशेष जवळचे आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांनी पाडले आणि त्यांच्यानंतर एकोणिसाव्या शतकापर्यंत ते पाडले जात राहिले. म्हणजे महाराजांचे नाव असलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातील नव्हे. अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी, ठिपक्यांची कड, मध्ये आलेल्या रेघा, वजन यांतील बारीक फरकांवरून त्यांचे गट पाडावे लागतात. एका घरातील ढब्बू पैशांच्या डब्यात सापडलेल्या दहा शिवरायांवरून हे होत नाही. त्यासाठी शेकडो नाणी समोरासमोर ठेवून पाहावी लागतात. हे किचकट काम संग्राहकांनी हौसेने अंगावर घेतले आणि त्याचे फळ अभ्यासकांच्या पदरात पडले.

खोटी नाणी आणि खराब झालेली नाणी

संग्रहाची हौस वाढली की खोट्या नाण्यांचा बाजारही वाढतो. त्यामुळे मंडळातील बराच वेळ खरे-खोटे ठरविण्यात जातो. खोटी नाणी बहुधा खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेली असतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात आणि कधी कधी नाण्याच्या कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा उमगतो. घावाने पाडलेल्या नाण्यावर धातू ठशाच्या खोलगट भागात शिरलेला असतो. त्यामुळे अक्षरांना धार असते. दोन हुबेहूब सारखी नाणी एकाच ठिकाणी ओरखडा घेऊन समोर आली, तर किमान एक ओतीव आहे असे समजावे, कारण वापरात पडलेला ओरखडा प्रत्येक नाण्यावर निराळा असतो. जहांगीर बादशहाने काढलेली राशींची नाणी संग्राहकांना अत्यंत प्रिय आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही फार झाल्या आहेत. मंडळात एकाची फसगत झाली की ती सर्वांपुढे मांडली जाते. यात मानहानी मानली जात नाही. उलट ते खोटे नाणे शिकवणीसाठी मंडळातच राहते.

खोट्या नाण्यांइतकाच दुसरा शत्रू म्हणजे अज्ञानाने केलेली सफाई. चिंच, राख किंवा एखादे आम्ल घेऊन नाणे लख्ख घासले, म्हणजे शेकडो वर्षांत त्यावर चढलेला संरक्षक थर निघून जातो आणि पुष्कळदा त्याबरोबर अक्षरेही जातात. नाणी कशात ठेवावीत, हाही विचार करण्याचा प्रश्न असतो. पी.व्ही.सी. या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काही काळाने क्लोरीनयुक्त द्रव्ये पाझरतात आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणात पाडली. शिसे हा धातू आम्लाच्या वाफांना फार लवकर बळी पडतो. ओकसारख्या काही लाकडांच्या खणांतून अशा वाफा निघतात आणि शिशाचे नाणे हळूहळू पांढऱ्या भुकटीत मिसळून जाते. दोन हजार वर्षे मातीने सांभाळलेली वस्तू एका सुंदर कपाटात दोन पिढ्यांत नष्ट होऊ शकते.

हंड्याची साक्ष

येथवर एकेका नाण्याचा विचार झाला. परंतु नाणी जमिनीत बहुधा एकेकटी सापडत नाहीत. पेढ्या नसलेल्या काळात मनुष्य आपली बचत मडक्यात किंवा हंड्यात घालून पुरून ठेवी. धामधुमीत मालक मेला, परागंदा झाला किंवा जागा विसरला, म्हणजे ती ठेव तशीच राही. अशा ठेवीतील नाणी एकत्र असतात, तोवर ती जे सांगतात ते विखुरल्यावर सांगू शकत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांची मोठी ठेव सापडली. तीत १३,२५० च्या आसपास नाणी होती. ती सर्व क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूला राजाचा चेहरा, आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिप्यांतील लेख त्यांवर होते. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर मात्र दुसराच ठसा मारलेला आढळला. राजाच्या चेहऱ्यावरच कमानींच्या टेकडीचे चिन्ह आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव उमटले होते. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात सातकर्णीने क्षहरातांचा निःपात केल्याचे त्याच्या आईने लिहवून ठेवले आहे. शिलालेखातील प्रशस्तीवर शंका घेणारा घेऊ शकतो. परंतु शत्रूचा चालू पैसा हजारोंच्या संख्येने आपल्या नावाने फिरविण्यासाठी प्रदेश हाती यावा लागतो. यांतील एकच नाणे कोणाच्या संग्रहात गेले असते, तर ती एक नवलाची वस्तू ठरली असती. सर्व नाणी मोजली गेली, म्हणून ते एका विजयाचे प्रमाण ठरले. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या नाण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नाण्यांवरील चेहरे एकमेकांपासून किती भिन्न आहेत, हेही त्यांनी नोंदविले. ही सर्व एकाच माणसाची चित्रे आहेत काय, हा विचार त्यातून पुढे सुरू झाला.

दुसरे उदाहरण राजस्थानातील बयाना येथील आहे. त्या वेळच्या भरतपूर संस्थानात बयानाजवळच्या एका खेड्यात १९४६ च्या फेब्रुवारीत गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांचे भांडे सापडले. काही नाणी हातोहात नाहीशी झाली. उरलेली संस्थानाने ताब्यात घेतली. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची तपशीलवार सूची केली आणि न्यूमिस्मॅटिक सोसायटीने ती १९५४ साली प्रसिद्ध केली. सूचीतील नाणी १,८२१ आहेत. त्यांत पहिल्या चंद्रगुप्ताची १०, काचाची १६, समुद्रगुप्ताची १८३, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे म्हणून ओळखले गेलेले अवघे १ नाणे आहे.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबावे लागते. नाण्यांची ठेव केव्हा पुरली गेली, हे तीतील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठरते, कारण जे नाणे अद्याप पडलेच नव्हते ते त्या भांड्यात जाणे शक्य नाही. कुमारगुप्ताची शेकडो नाणी आणि स्कंदगुप्ताचे एकच, यावरून ही ठेव स्कंदगुप्ताच्या कारकीर्दीच्या अगदी आरंभी, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्यास पुरली गेली असावी असे अनुमान करण्यात आले. हूणांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीचा तो काळ होता. १,८२१ नाण्यांतील एका नाण्यावर हे अनुमान टेकलेले आहे. ते एक नाणे नाहीशा झालेल्या नाण्यांत गेले असते, तर ठेवीचा काळ कुमारगुप्ताच्या हयातीत ओढला गेला असता. आणि नाहीशा झालेल्या नाण्यांत स्कंदगुप्ताची आणखी नाणी असती, तर अनुमान थोडे पुढे सरकले असते. मुशीत गेलेले सोने सोने म्हणून कायम राहते; त्याची साक्ष मात्र कायमची बुडते.

कायदा आणि त्यातील अडचण

जमिनीत सापडलेल्या धनासंबंधी भारतात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडल्यास सापडणाऱ्याने ती जिल्हाधिकाऱ्याला कळवावी, असे त्यात सांगितले आहे. न कळविल्यास शिक्षा आहे. चौकशीअंती धन बेवारस ठरले आणि दुसरा करार नसला, तर तीन-चतुर्थांश भाग सापडणाऱ्याला व एक-चतुर्थांश जमीनमालकाला मिळावा, अशी तरतूद आहे. सरकारला ते स्वतःकडे घ्यावयाचे असल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश इतकी अधिक रक्कम सरकार देते.

कायदा करणाऱ्यांचा हेतू सापडणाऱ्याला तोशीस लागू नये हाच होता. परंतु नांगराच्या फाळाला मडके लागलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता चित्र निराळे दिसते. कळविले तर कचेरीच्या फेऱ्या, पोलिसांचे प्रश्न आणि भाऊबंदांचा डोळा. न कळविता सराफाकडे मोडीत दिले, तर हातात रोख पैसे. दुर्मिळ नाण्याला धातूहून कितीतरी अधिक मोल असते, पण कायद्यातील मोबदला धातूच्या भावाशी बांधलेला आहे. यामुळे किती ठेवी मुशीत गेल्या असतील, याची गणती होणे शक्य नाही.

दुसरा कायदा १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि त्यांत नाणीही आली, ‘पुरावस्तू’ मानल्या जातात. खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते; नाण्यांचा समावेश त्या वर्गांत केलेला नाही. ज्याच्या घरी आजोबांची राणीछाप रुपयांची पिशवी आहे, त्याला ती बाळगण्याची भीती नसावी, परंतु परदेशी जाणाऱ्या नातलगाच्या सामानात ती घालता येत नाही. हे दोन्ही कायदे सोप्या भाषेत समजावून सांगणे, हे जागरूक मंडळाचे एक महत्त्वाचे काम होय.

संग्राहक रक्षक की विध्वंसक?

संग्राहकांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दृष्टीआड करणे योग्य नव्हे. संग्राहक पैसे मोजतो म्हणून नाण्यांचा व्यापारी उभा राहतो. व्यापारी पैसे मोजतो म्हणून गावोगाव ठेवी फुटतात. चांगली नाणी निवडून विकली जातात आणि सामान्य नाणी मोडीत जातात. ठेवीचा ठावठिकाणा मुद्दाम लपविला जातो. या दृष्टीने पाहता संग्राहकाची हौस हीच साक्ष पुसणारी ठरते.

याला दुसरी बाजूही आहे. सराफाच्या दुकानात मोडीच्या ढिगातून एखादे नाणे बाजूला काढून, धातूच्या भावाहून थोडे अधिक देऊन ते वाचविणारा मनुष्य बहुधा संग्राहकच असतो. संग्रहालयाचा अधिकारी रोज बाजारात जाऊ शकत नाही. ज्या शहरात एखादा जाणता संग्राहक असतो, तेथील सराफ अपरिचित नाणे दिसले म्हणजे ते वितळविण्यापूर्वी त्याला दाखवितो. अशा रीतीने अनेक नाणी वाचली आहेत.

दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळे निर्णय संग्राहकाच्या वर्तनावर अवलंबून राहतो, आणि येथेच मंडळाचा उपयोग दिसतो. एकटा संग्राहक गुप्तता पाळतो, कारण त्याला प्रतिस्पर्ध्याची भीती असते. मंडळात बसणाऱ्याला आपले नाणे दाखवावे लागते आणि ते कोठून आले, या प्रश्नाला चारचौघांत उत्तर द्यावे लागते. तेथे उधारीच्या वायद्यांपेक्षा टिपणाला मान असतो. नुकतीच सापडलेली ठेव कोणी फोडून विकावयास आणली, तर जाणते सभासद ती घेण्याचे नाकारतात आणि निदान तिची छायाचित्रे, वजने व गावाचे नाव नोंदवून संबंधित पुरातत्त्व खात्यापर्यंत बातमी पोहोचविण्याचा आग्रह धरतात. सर्वच मंडळे असे करतात, असे म्हणता येणार नाही. परंतु जी करतात, त्यांच्या हातून खरे काम होते.

संग्रहाचे पुढे काय होते?

प्रत्येक संग्राहकाला कधी ना कधी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते, आणि तो प्रश्न बहुधा तो पुढे ढकलीत राहतो. आपल्यामागे या नाण्यांचे काय? घरातील इतरांना त्यांत गोडी नसते. चाळीस वर्षे जमविलेली नाणी एका दुपारी वजनावर विकली जातात. नाणी वाचतात तेव्हाही त्यांच्यासंबंधीची माहिती संग्राहकाबरोबरच जाते, कारण ती त्याच्या डोक्यातच असते.

याउलट घडलेले एक उदाहरण पुण्यात आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून परिचित असलेले डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दारे अशा रोजच्या वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या. अल्पवयात निधन पावलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाचा छंद अशा रीतीने सर्वांच्या मालकीचा झाला. प्रत्येकाला हे साधेल असे नाही. पण प्रत्येकाला एक वही ठेवणे साधू शकते.

म्हणून चांगल्या मंडळात नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी भिंगाऐवजी वही घेण्यास सांगतात. तीत नाण्याचा अनुक्रमांक, धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख, ते कोठे आणि कोणाकडून मिळाले आणि त्याच्याबरोबर आणखी काय होते, एवढे लिहावयाचे असते. शेवटचे दोन रकाने भरण्याचा कंटाळा सर्वांनाच येतो. नाणे डोळ्यांसमोर असल्यामुळे वजन आणि लेख पुढेही कोणी पाहून लिहू शकेल. परंतु ते कोणत्या गावी, कोणत्या मडक्यातून आले, हे नाण्याकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. ते त्या दिवशी लिहिले गेले तरच राहते. बयानाच्या १,८२१ नाण्यांतील एका नाण्याने जे सांगितले, ते सोन्याच्या बळावर सांगितले नाही. ते कोणाच्या सोबत होते याची नोंद झाली, म्हणून ते बोलू शकले. मंडळाच्या टेबलावर महिन्यातून एकदा जी नाणी मांडली जातात, त्यांच्या शेजारी ही वही उघडी असेल, तर तो मेळावा केवळ हौसेचा राहत नाही.